समोरचीला पडू द्यायचं नाही

२१ एप्रिल १९८६, सोमवार

मुली परतल्या. ईस्टरची सुट्टी संपली, शांतताही संपली. दुपारपासून जिन्यात ट्रंका, रॅकेटी, आयांच्या सूचना, धापा टाकणारे बाप. दुसऱ्या मजल्यावर एक टोस्टर पकडला. "तो नुसता शोभेचा आहे, मिसेस खांबेटे!" शोभेच्या टोस्टरमध्ये पावाचा चुरा! जप्त.

रात्रीच्या जेवणाला मटण-पाय (म्हणजे मैद्याच्या कवचात भाजलेलं मटण), वाटाणे, कस्टर्ड. अर्ध्या मुलींनी काकडीच्या चार चकत्या घेतल्या आणि वर काळी कॉफी. डाएट! आमचं अख्खं मुलींचं वसतिगृह, हे विनफील्ड हॉल, पुठ्ठ्यासारख्या बिस्किटांवर जगतं आहे. एकीचं तोंड धड तजेलदार नाही.

पाच वाजता रस्त्यापलीकडच्या थॉर्नबी हॉलचे वॉर्डन डॉ. हॅल्स्टेड येऊन गेले. त्यांच्याकडे मुलगे, माझ्याकडे मुली. जूनमध्ये परीक्षा संपल्या की दोन हॉलांची रस्सीखेच असते म्हणे, मधल्या हिरवळीवर. हरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्यांना एका जुन्या तांब्याच्या किटलीतून चहा वाढायचा. किटली जिंकणाऱ्यांकडे राहते, म्हणजे कायम थॉर्नबीत. मी सप्टेंबरात वॉर्डन झाले, त्याआधी नुसती हिशेबाच्या खोलीत होते, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं.

"नेहमीची सवलत असेलच," म्हणाले.

"कसली सवलत?"

"आमची मुलं एक हात पाठीमागे ठेवतात. तरी जिंकतात, बिचारी!" आणि हसले.

मी चहा दिला. बिस्किट दिलं नाही.

२२ एप्रिल

डायनिंग हॉलच्या बोळात एक फोटो आहे, १९१२ सालचा. रोज त्याच्यासमोरून जाते, आज थांबून पाहिला. विनफील्डच्या पहिल्या वर्षांतल्या मुली. घोट्यापर्यंत झगे, डोक्यावर पिना लावलेल्या टोप्या, आणि हातात दोर! युनिव्हर्सिटी तेव्हा आठ वर्षांची. कुणी हसत नाहीये. एकीची टोपी कानावर आली आहे, तरी तिने दोर सोडलेला नाही. सगळ्यांचे दोन्ही हात दोरावर.

आणि आमचं कॉलेज? १९४६ साली, पुण्यात, मुलींना दोनच शर्यती होत्या — लिंबू-चमचा आणि सुई-दोरा. मी सुई-दोऱ्यात पहिली आले होते. बक्षीस म्हणून पावडरचा डबा!

डॉ. हॅल्स्टेडना कळवलं: सवलत नको. दोन्ही हात. खऱ्या नियमांप्रमाणे — म्हणजे दोन्ही बाजूंचं एकूण वजन सारखं. मग म्हणाले, "पण मग आमची आठ मुलं म्हणजे तुमच्या दहा मुली होतील." शेवटी नऊवर तडजोड झाली. नऊ मुलींत त्यांच्या आठांइतकं वजन भरलं पाहिजे. नाही भरलं तर तो आमचा तोटा.

२४ एप्रिल

सभा घेतली. गेल आली — ही आमच्या हॉलची विद्यार्थी-अध्यक्ष, हडर्सफील्डची, जिऑग्राफी शिकते, आवाज बसस्टॉपपर्यंत जातो. म्हणाली, "मिसेस के, गेली दोन वर्षं त्या एका हाताने ओढणाऱ्यांना मी चहा पाजतेय. मी तयार आहे!" टाळ्या झाल्या. मग मी म्हटलं, आता वजनं करू. अर्ध्या मिनिटात कॉमन रूम रिकामी! गेलसुद्धा "लायब्ररीत काम आहे" म्हणून गेली. लायब्ररीत! गेल!

२५ एप्रिल

रश्मी दिघे भेटायला आली. पहिल्या वर्षाची, गणिताची, स्लाऊची. हॉलमध्ये मराठी घरातली ही एकच. उंच, खांद्याने रुंद, आणि स्वतःला घडी घालून ठेवल्यासारखी बसते. जेवायला कधी दिसत नाही. खोलीत कॉर्नफ्लेक्स खाते हे मला सफाईवालीकडून कळलं आहे.

"काकू, मी सप्टेंबरमध्ये परत नाही येणार. माझा खोली दुसऱ्या कोणाला द्या."

"माझी खोली. का? अभ्यास जमत नाही?"

"जमतो." खरंच जमतो. मार्क मला माहीत आहेत. "मामाचा वेअरहाऊस आहे ट्रेडिंग इस्टेटवर. ऑफिसमध्ये जागा आहे. तिथे बरं. तिथे कोणी बघत नाही."

बऱ्याच वेळाने निघालं. सप्टेंबरात पहिल्याच दिवशी ती ट्रे घेऊन डायनिंग हॉलमध्ये आली, तेव्हा एका टेबलावर कुणीतरी हसलं. कदाचित तिला हसलं नसेलही. तेव्हापासून पाऊल टाकलं नाही. सहा-सात महिने! मनात आलं, खडसावावं. पण मुलगी रडत नव्हती. नुसती सांगत होती. रडणाऱ्यांना खडसावता येतं.

"आईला सांगितलंस?"

"नाही. तुम्ही पण नका सांगू. प्लीज."

म्हटलं, एका अटीवर. जूनमध्ये दोर ओढून होईपर्यंत खोली कुणाला देणार नाही आणि आईला सांगणार नाही. तोपर्यंत तू माझ्या संघात.

"मी? काकू, ते लोक वजन करणार!"

"ते माझ्यावर सोड."

२८ एप्रिल

वजनाचा प्रश्न सुटला. तळघरात लॉन्ड्रीच्या गाड्या तोलायचा मोठा काटा आहे, चादरींसकट गाडी चढते. तिघी-तिघींना एकदम चढवलं! एकमेकींच्या कमरेला धरून उभ्या राहिल्या. तीन आकडे, एक बेरीज. कुणाचं वजन किती हे मलाही माहीत नाही, त्यांनाही नाही. खिदळून खिदळून काट्याचा काटा स्थिर राहीना. गप्प उभ्या राहा म्हणून ओरडावं लागलं.

रश्मी शेवटच्या तिघींत चढली. डोळे मिटून.

बेरीज कमी पडते आहे. थॉर्नबीचं बरंच जास्त. म्हणजे आता सहा आठवडे खाणं! पुठ्ठ्याची बिस्किटं संघाला बंद. गेलने हात वर करून विचारलं, "म्हणजे पुडिंग कंपल्सरी?" हो, कंपल्सरी.

१ मे

रश्मीच्या आईचा फोन. अनुराधा नाव. "खांबेटे बाई, जेवते ना हो ती नीट? म्हणजे जास्त नको हं. भात बंद कर म्हणून सांगितलंय मी तिला. या वयात एकदा वाढलं की मग —"

"भाताचं माझ्याकडे लागलं," म्हटलं. "तुम्ही काळजी करू नका."

"तुम्ही आहात म्हणूनच आम्ही निश्चिंत आहोत."

निश्चिंत! मी जीभ चावून बसले. शब्द दिला आहे.

रात्रीसाठी शेंगदाण्याचे लाडू वळायला घेतले.

३ मे

पहिला सराव. लाजिरवाणा. नऊ जणी एका बाजूला आणि दुसऱ्या टोकाला चेस्टनटचं झाड. झाडाने हरवलं! सगळ्या हातांनी ओढतात, कोपरं वाकवून, जशी काही मोलकरीण विहिरीतून बादली काढते. पाठीवर रेलायला कुणी तयार नाही. रेललं तर पडू, ही भीती. आणि प्रत्येकीला पुढचीवर भरवसा नाही.

लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात आकृत्या आहेत: अंग मागे टाका, पाय जवळ, हात सरळ, वजन टाचांवर. आकृती पाहून कुणी रेलायला शिकत नाही.

६ मे

रशियातल्या त्या अणुभट्टीच्या स्फोटाचा ढग आपल्याकडे येऊन बरसला, असं रेडिओवर. मुली दूध पिईनात. मी दोन पेले प्यायले त्यांच्यासमोर. ठणठणीत आहे.

७ मे

सुचलं! आणि इतके दिवस सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटतं.

सकाळी दात घासता घासता ती आकृती आठवत होते. पाय जवळ. हात सरळ. अंग मागे. अरे, ही तर फुगडी! मंगळागौरीची साधी फुगडी! साताऱ्याला आम्ही शेजारपाजारच्या मुली श्रावणात अंगणभर घालायचो. कॉलेजात गेल्यावर मी ती सोडली — बायकी खेळ म्हणून नाक मुरडायचे. बी.ए. करणाऱ्या मुलीने फुगडी घालायची? छे!

संध्याकाळी कॉमन रूममधल्या खुर्च्या भिंतीला लावल्या. रश्मीला म्हटलं, ये.

ती कुजबुजली, "काकू, फुगडी? इथे? ह्यांच्यासमोर? प्लीज नको. मी स्लाऊच्या मंडळात घातली होती, लहान असताना. सगळे हसले होते."

"आज कोण हसतं ते मी बघते." पदर खोचला, चष्मा टेबलावर ठेवला. हातांची फुली केली, तिचे पंजे धरले, पाय तिच्या पायांना भिडवले. "रेल."

रेलली! आणि काय धरलं त्या मुलीने मला! एकदा वेग आल्यावर भिंती, पडदे, गेलचं उघडं तोंड, सगळ्याची एक पट्टी झाली. मी एकोणसाठ वर्षांची. जमीन पायाखाली आहे की नाही कळेना. शेवटी मलाच "पुरे! पुरे!" म्हणावं लागलं. आम्ही हळूहळू सैल झालो आणि थांबलो. श्वास लागलेला, पण मान ताठ!

कुणी हसलं नाही. गेल एवढंच म्हणाली, "आता माझी पाळी. रश्मी, माझ्याशी."

मग नियम सांगितले. दोनच. एक — समोरचीला पडू द्यायचं नाही. ती तुझ्यावर रेलली आहे, तू तिच्यावर. कंटाळा आला, हात दुखला, काही झालं तरी हात सोडायचा नाही. दोन — थांबायचं असेल तर "पुरे" म्हणायचं. "पुरे" ऐकलं की दोघींनी मिळून सैल सोडायचं. एकटीने नाही.

तासाभरात खोलीभर फुगड्या. एकीला ओकारी आली. बाकी उत्तम.

१२ मे

रोज संध्याकाळी अर्धा तास फुगडी, मग दोर. फरक पडतो आहे. रेलायला शिकल्या. पुढच्या मुलीवर भरवसा टाकायला शिकल्या. मी बाजूला उभी राहून "खेच गं — खेच!" म्हणते, त्या तालावर पाय टाकतात. झाडाशी बरोबरी!

"पुरे" शब्द तर अख्ख्या हॉलने उचलला आहे. वाढणारी बाई कस्टर्ड ओतते, मुली ओरडतात — "पुरे!" शॉवरमध्ये फार वेळ लावणारीच्या दारावर थापा — "पुरे!" काल गेल टेलिफोनवर तिच्या मित्राशी भांडत होती. रिसीव्हर आपटला, "पुरे!" त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

१५ मे

रश्मी डायनिंग हॉलमध्ये आली.

मी मुद्दाम वर पाहिलं नाही. ताटातल्या वाटाण्यांकडे बघत बसले. गेलने तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, वर बॅग टाकून. "आमच्या गड्याला डबल मटण-पाय!" असं तिने वाढणाऱ्या बाईला ओरडून सांगितलं. अख्ख्या हॉलने ऐकलं. आता ही उठून जाणार!

रश्मी लाल झाली. मग म्हणाली, "आणि कस्टर्ड."

वाटाणे फार चांगले झाले होते आज.

२१ मे

दोराच्या शेवटी जो उभा राहतो त्याला अँकर म्हणतात. दोर त्याच्या खांद्यावरून, काखेतून येतो, आणि बाकीचे सगळे शेवटी त्याच्यावर रेललेले असतात. मी नेमायच्या आधीच मुलींनी रश्मीला तिथे नेऊन उभं केलं. मला विचारलंसुद्धा नाही. विचारायला हवं होतं. पण निवड बरोबर आहे.

ती तिथे उभी असते तेव्हा घडी उलगडलेली असते.

२७ मे

परीक्षा सुरू. सराव कमी. सगळीकडे फिक्या चेहऱ्यांच्या मुली, जिन्यात बसून पुटपुटताहेत. दुपारी लाडवांचे डबे मजल्यामजल्यावर ठेवले. संध्याकाळी सगळे रिकामे. संघाबाहेरच्यांनीच जास्त खाल्ले असा संशय.

२ जून

रश्मीला विचारलं, "मग? सप्टेंबरचं काय?"

"आपलं ठरलं होतं ना काकू, दोर झाल्यावर." बरोबर आहे. मीच ठरवलेलं. विचारायला नको होतं.

मामाने तिच्यासाठी टेबलसुद्धा घेऊन ठेवलं आहे म्हणाली. खिडकीजवळचं.

९ जून

परीक्षा संपल्या. लॉन्ड्रीच्या काट्यावर पुन्हा तिघी-तिघी. वजन भरलं! किंचित जास्तच भरलं. आता गेलला पुडिंग बंद करावं लागलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिचं कुत्रं विकलं.

१४ जून, शनिवार

हरलो.

राग आहे, तरी नीट लिहायचं आहे.

ऊन चांगलं होतं. दोन्ही हॉल हिरवळीभोवती गोळा झालेले. थॉर्नबीची मुलं लॉन्ड्रीच्या काट्यावर यायला लाजत होती, तर रश्मीने दार धरून "तिघे-तिघे! कमरेला धरा!" असा हुकूम सोडला. मुकाट्याने धरलं.

तीनपैकी दोन खेचींत जिंकायचं. पहिली त्यांनी एका दमात घेतली. आमच्या उभ्या राहतात तोवर दोराच्या मध्यावर बांधलेलं फडकं त्यांच्या रेघेपलीकडे. टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "एक हात बांधा रे!" मी त्या दिशेला पाहिलं. गप्प झाले.

दुसरी खेच. मुलींना जवळ घेतलं, म्हटलं, ओढू नका. फुगडी घाला. रेला आणि धरा. त्यांनी धरलं! थॉर्नबीवाले झटके देत होते आणि ह्या नऊ जणी भिंतीसारख्या मागे रेललेल्या. मुलांचे हात दुखायला लागलेले इथून दिसत होते. मग मी "खेच गं — खेच!" सुरू केलं. एकेक पाऊल मागे. टाच, टाच. फडकं आमच्या रेघेपलीकडे! माझी चप्पल कुठे उडाली ते अजून सापडलेलं नाही.

तिसरी. देवा रे. आधी कुणीच हलेना. मग आम्ही एक पाऊल, ते एक पाऊल. रश्मीचा चेहरा वांग्यासारखा झालेला, दोर खांद्यावर, पाय मातीत रुतलेले. मग आम्ही पुन्हा पाऊल घेतलं, आणखी एक, फडकं आमच्या रेघेपासून हातभर! त्यांचा सायमन म्हणून कप्तान आहे, सर्वांत पुढे उभा राहतो, ढोपरावर घसरला. पाय सापडेना. दोर त्याला तसाच खेचून तोंडघशी पाडणार, खाली मातीत दगड —

आणि आमच्या नऊही जणींनी दोर सैल सोडला. एकदम! नवाच्या नऊ!

सायमन उठला. त्यांनी दोर आवळला, ओढला, संपलं.

म्हणजे माझीच शिकवण! समोरचीला पडू द्यायचं नाही! पण ती फुगडी, ही लढत, एवढं समजायला नको? मुलींना तिथेच खडसावलं. म्हटलं, हा मुलगा तुमची मैत्रीण आहे का? त्याला उठायला हात दिलात! १९१२ सालच्या त्या मुलींनी टोपी पडली तरी दोर सोडला नव्हता! रश्मीला तर जास्तच बोलले. "बाकीच्यांचं सोड, तू शेवटची. तू तरी धरायचं होतंस."

रश्मी खाली बघत राहिली. गेलने तोंड उघडलं, तर रश्मीने तिच्या पायावर पाय दिला. मग कुणीच काही बोललं नाही. हेही मला आवडलं नाही. चुकलं तर चुकलं म्हणावं.

१५ जून, रविवार

नियम म्हणजे नियम. चार वाजता थॉर्नबी हॉल आमच्याकडे चहाला, किटलीसकट. ती आयुष्यात प्रथम जवळून पाहिली. तोटी वाकडी, आत चुना साचलेला. शंभर वर्षांत कुणी चिंचेने घासलेली नाही. मी घासून घेतली, तेव्हा कुठे तांबं दिसलं.

मुलं आली ती चोरासारखी. डॉ. हॅल्स्टेडही. म्हणाले, "मुलांचं म्हणणं आहे की किटली यंदा तुमच्याकडे राहावी. ते स्वतःला जिंकलेले समजत नाहीत."

"फडकं कुणाच्या बाजूला गेलं?"

"आमच्या, पण —"

"मग साखर किती?"

डॉक्टरांना आज बिस्किट दिलं. दोन दिली.

सायमनच्या ढोपराला पट्टी. म्हणाला, "मिसेस खांबेटे, खरं म्हणजे तुम्हीच तर —" तेवढ्यात रश्मी किटली घेऊन मध्ये आली आणि त्याच्या हातात कढत कप दिला. "दूध? साखर? शेंगदाण्याचा लाडू?" असं एकामागून एक. तो बिचारा लाडूच खात बसला. बहुधा माझे आभार मानणार होता, मुलींना चांगलं शिकवलं म्हणून. मला नको आहेत.

नंतर कॉमन रूममध्ये मुलगे आणि मुली फुगड्या घालत होत्या. डॉ. हॅल्स्टेड गेलबरोबर! "पुरे" कधी म्हणायचं त्यांना माहीत नव्हतं. सोफ्यावर बसवून पाणी द्यावं लागलं.

१७ जून

रश्मीने अजून काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. शनिवारी इतकं बोलले, आता कोणत्या तोंडाने विचारू?

अनुराधाबाईंचा फोन होता. "शुक्रवारी हे व्हॅन घेऊन येताहेत. ती म्हणते, सगळं सामान आणायचंय. पडदेसुद्धा. पडदे कशाला हो? सप्टेंबरला परत लागतीलच की!"

मी म्हटलं, धुवायला असतील.

ज्या मुली परत येणार असतात त्या आपापली खोकी तळघरातल्या कोठीत ठेवून जातात — भांडी, पुस्तकं, पडदे. आज कोठी उघडून पाहून आले. गेलची चार खोकी. रश्मीचं एकही नाही.

१९ जून

निम्म्या मुली गेल्या. बोळात आवाज घुमतो. दारांवरच्या नावांच्या पाट्या काढायला सुरुवात केली. पहिल्या मजल्याच्या सगळ्या काढल्या. दुसऱ्यावर रश्मीच्या दाराशी आले आणि आठवलं, दूधवाल्याशी बोलायचं राहिलं आहे.

२० जून, शुक्रवार

रश्मीचे वडील खाली व्हॅनमध्ये बसलेले. ती माझ्या ऑफिसात आली. हातात मोठं खोकं, वर घडी केलेले पडदे.

"काकू, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. सांग."

"शनिवारी 'पुरे' तुम्ही ओरडलात."

मी म्हटलं, काहीतरीच!

"सायमन पडला तेव्हा. जोरात. दोन वेळा. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, म्हणून सोडलं. सायमनने पण ऐकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं."

मी खुर्चीवर बसले. माझं ओरडणं मला ऐकू आलं नव्हतं, आत्ता आलं.

"मग आत्ता का सांगतेस?"

"कारण पुढच्या वर्षी हाक मी देणार. तुम्ही लांब उभं राहायचं, त्या झाडाजवळ. आणि तोंड बंद." खोकं तिने मांडीवर तोललं. "हा खोकं कुठे ठेवू?"

तोंड बंद! मला!

कोठीची किल्ली दिली.